सतरावं कार्ड

गुण मोजायची पितळी खुंटी नेमबाजीच्या सतराव्या कार्डावरच्या छर्र्याच्या छिद्रात अलगद बसली आणि मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं. खुंटीची कड नवाच्या वर्तुळाला टेकली तर नऊ. मध्ये केसभर जरी कागद दिसला, तर आठ.

टेकली होती. जेमतेम, पण टेकली होती.

"आजोबा, झालं का मोजून?" दारातून नातीचा आवाज आला.

"बाहेर थांब. मोजणाऱ्याच्या मानगुटीवर बसायचं नाही, किती वेळा सांगितलंय?"

"मानगुटीवर कुठे? उंबऱ्यावर बसलेय."

ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिच्या हाती एअर रायफल दिली तेव्हा सगळे हसले होते. पण रायफल खांद्याला लागली की भिंगरीचा खांब होई. छर्रा सुटेपर्यंत पापणीसुद्धा लवत नसे.

दोन गावांतल्या दोन क्लबांचा हा सामना टपालाने चाले. वीस कार्डं, प्रत्येकावर एकच छर्रा. आपल्या मुलीची कार्डं तिकडे पाठवायची, तिकडच्या मुलीची इकडे यायची; मोजायचं समोरच्याने. तिकडे मोजायला एक बाई होत्या. मास्तरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आपण त्यांना पुरतं ओळखतो असं त्यांना वाटे. बाई सूतभर सोडत नसत. भिंगरी तीन वर्षं त्याच मुलीकडून हरली होती, तिन्ही वेळा एक-दोन गुणांनी, आणि तिन्ही वेळा एखादा शंकेचा छर्रा बाईंनी खाली ढकलला होता.

यंदाचं वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी दोघी वयोगटात बसणार नव्हत्या. जिंकेल तिला मोठ्या शिबिरात जागा. हरेल तिचा नेम घरच्या भिंतीपुरता.

भिंगरीची कार्डं पाठवण्याआधी मास्तरांनी स्वतः मोजली होती. एकशे शहाऐंशी. तिच्याही सहाव्या कार्डावर आठ-नवाचा घोळ होता, पण भिंगातून केसभर कागद दिसला होता. आठच.

आणि समोरच्या मुलीचे, या सतराव्या कार्डावर नऊ धरले, तर एकशे सत्त्याऐंशी.

मास्तरांनी खुंटी काढली. चष्मा पुसला. पुन्हा बसवली.

शनिवारी नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलांना ते नेहमी सांगत, "मोजायला बसलात की नातीगोती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची." एकदा एका चुणचुणीत पोरीने विचारलं होतं, "आणि चपला चोरीला गेल्या तर?"

"तर अनवाणी घरी जायचं," मास्तर म्हणाले होते. सगळा वर्ग खिदळला होता.

"आजोबा, हरले का हो मी?" भिंगरीचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"अजून काही ठरलेलं नाही."

आठ लिहिले तर बरोबरी. बरोबरी झाली की दोघींनी पुन्हा वीस-वीस छर्रे मारायचे. म्हणजे कुणाचं काही हिरावलं जात नाही, मास्तरांनी मनाला समजावलं. एक संधी तेवढी उसनी घ्यायची. शिवाय बाई इतकी वर्षं वेगळं काय करत होत्या?

त्यांनी आठ लिहिले. खाली बेरीज मांडली: एकशे शहाऐंशी.

पत्ता उतरवून घ्यायला त्यांनी तिकडून आलेलं पाकीट पालथं केलं. यंदा बाईंचं अक्षर भलतंच मोठं होतं, पेन्सिलीने रेघा आखून त्यांवर काढलेलं. थकल्या म्हणायच्या बाई, मास्तरांच्या मनात आलं. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.

आठ दिवसांनी तिकडचा निकाल आला. पाकीट भिंगरीनेच फोडलं.

"एकशे सत्त्याऐंशी! आजोबा, मला एकशे सत्त्याऐंशी दिलेत! तिचे किती होते?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला. सहावं कार्ड, नऊ. त्यांनी पुन्हा वाचलं. नऊच.

"आजोबा, सांगा ना! तिचे किती?"

"एकशे शहाऐंशी," मास्तर म्हणाले.

"जिंकले! एका गुणाने जिंकले!" भिंगरी जागच्या जागी गरगर फिरली. "आणि तुम्ही म्हणायचात, बाई कंजूष आहेत! आई, अगं आई, ऐकलंस का?" ती पळत आत गेली.

पाकिटातून आणखी एक चिठ्ठी खाली पडली होती. मास्तरांनी वाकून ती उचलली. तेच मोठं अक्षर, तशाच पेन्सिलीच्या रेघा.

'मास्तरांना नमस्कार. सहाव्या कार्डावर आठ की नऊ, ते खूप वेळ बघूनही मला कळेना. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खरंच कळत नसेल तर फायदा समोरच्याला द्यावा, मास्तरही तेच करतील. म्हणून नऊ लिहिले. बाईंना यंदा दिसेनासं झालं आहे, त्यामुळे तुमच्याकडून आलेली सगळी कार्डं मीच मोजली. मी म्हणजे, जिची कार्डं तुमच्याकडे आहेत ती.'