एका स्लाइडची दोन लेबलं

लेक मायक्रोस्कोपला डोळे लावून कवचं मोजत होती आणि निवृत्त प्राध्यापक तिच्या पाठीमागे उभे राहून कान देऊन ऐकत होते. तिच्या हाताशी काउंटरच्या दोन कळा होत्या. डावी बर्फातल्या कवचांसाठी, उजवी उघड्या पाण्यातल्यांसाठी. कुठली जास्त वाजते, तेवढंच त्यांना हवं होतं.

खरं तर त्यांनी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळातून काढलेला चिखल, आणि त्यात डायटम नावाच्या शेवाळाची काचेसारखी कवचं, लाखो वर्षांपूर्वीची. बर्फाला चिकटून वाढणाऱ्या जाती वेगळ्या, उघड्या पाण्यातल्या वेगळ्या. ज्या थरात बर्फातली कवचं कमी, त्या काळी समुद्रावर बर्फ कमी. एके काळी तिथे उन्हाळ्यात बर्फ नव्हताच, असं प्राध्यापकांनी ऐन उमेदीत जगाला सांगितलं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. आता लेकीने नव्याने आणलेला चिखलही तेच म्हणत होता. इतकं नेमकं तेच, की कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटायला लागलं.

बायपास झाल्यापासून घरात सगळेच त्यांची री ओढत होते. बायको पत्त्यांत हरायला लागली होती. उठल्यासुटल्या फाटे फोडणारा जावई मुकाट्याने मान डोलवत होता. मग लेक तरी मागे कशी राहील? बापाचं मन राखायला अर्धंमुर्धं कवच इकडचं तिकडे ढकलायला कितीसा वेळ लागतो! पण उद्या शोधनिबंध दोघांच्या नावाने जायचा होता. कुणी पुन्हा मोजून बघितलं, तर म्हाताऱ्याचं काय, त्याचं होऊन गेलं होतं. पोरीच्या आयुष्याची मात्र माती झाली असती.

म्हणून त्यांनी युक्ती केली होती. सकाळी तिने मोजलेली उबदार, म्हणजे कमी बर्फाच्या काळातल्या थराची एक स्लाइड त्यांनी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप उचलली, वरचं लेबल खरवडून काढलं, थंड थराचं चिकटवलं आणि तीच पुन्हा तिच्यापुढे सरकवली. थंड थरात तीनशेपैकी दोनशे तरी बर्फातली निघतात. लेबल वाचून मोजत असेल, तर आत्ता सापडेल.

"झालं," ती म्हणाली. "तीनशेत बर्फातली चव्वेचाळीस."

सकाळी एक्केचाळीस आली होती. दोन-चारचा फरक प्रामाणिक मोजणीत पडतोच. डोळ्यांपुढे थंड थराचं लेबल असूनही पोरीने दिसलं तेच सांगितलं होतं. प्राध्यापकांच्या जिवात जीव आला. आपण काय माणूस आहोत, असंही वाटून गेलं.

"आता खरं लेबल परत लावा," लेक म्हणाली. "कोपऱ्यात हवेचा बुडबुडा आहे. सकाळीही होता."

प्राध्यापक ओशाळून हसले. "ओळखलीस? मग पूर्ण मोजलीस कशाला?"

"तुम्हाला खात्री करून घ्यायची होती ना? घेऊ दिली." तिने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. "रागावले नाहीये मी. असली परीक्षा मीपण घेतलीय तुमची."

"माझी?"

"ऑपरेशननंतर घरात बसून कंटाळला होतात, तेव्हा मायक्रोस्कोप घरी आणला होता. एक स्लाइड दिली होती मोजायला. किती सांगितली होतीत?"

"सत्तर," ते लगेच म्हणाले. तो दिवस त्यांच्या चांगलाच लक्षात होता. "नजर अजून शाबूत आहे म्हणाली होतीस."

"शाबूतच आहे. मला अडुसष्ट आली. बाबा, ती तुमचीच जुनी स्लाइड होती. लेबल बदलून दिली होती. तुमच्या पहिल्या पेपरात तिच्यापुढे तीस छापलंय."

"तेव्हा मोजताना गफलत झाली असेल."

"दोन-चारची होते. चाळीसची?"

प्राध्यापकांना तिच्या तोंडाकडे बघवेना. म्हणजे इतके दिवस ही पोर आपल्याला औषधं देत होती, पांघरूण घालत होती, आणि मनात हे घेऊन वावरत होती. त्यांना भयंकर लाज वाटली.

"सत्तरकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं," ते पुटपुटले. "तेव्हा तसं वाटलं."

"उद्याच्या पेपरात जुना तक्ताही जातोय. काय घालू?"



"सत्तर घाल," शेवटी ते म्हणाले. "आणि खाली लिही, आधीचा आकडा मी चुकीचा दिला होता. गफलत वगैरे लिहू नकोस. संपला मग विषय. माझं सगळंच संपलं."

"काय संपलं? दोनशेवरून सत्तर म्हणजे बर्फ हटलेलाच की! आणि आपला नवा चिखल तर अगदी ध्रुवालगतचा आहे, तिथे चाळीसच येतायत. तुम्ही तेव्हा खरा आकडा लिहिला असता ना, तरी तुमचंच बरोबर होतं."

प्राध्यापक स्टुलावर बसले. हीच गोष्ट त्यांनी परिषदांमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगितली होती, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली होती, शंका काढणाऱ्यांना भर सभेत गप्प केलं होतं. त्यांनी लेकीकडे संशयाने बघितलं.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "तिथे खरंच बर्फ नव्हता?"