तळ्याकाठचा दंड

"पन काका, शंभरच्या रस्त्यावर एकशे अठरा? तुमी?" श्रेयांसने बियाण्याची पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

कामरगावच्या स्टँडसमोर त्याचं कृषी केंद्र होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की देवमन आणि सेवालाल तिथल्या बाकावर येऊन बसायचे. दोघंही एसटीतून निवृत्त झालेले. देवमन ड्रायव्हर, सेवालाल कंडक्टर. रिसोडच्या गाडीवर दोघांनी सोबत जन्म काढला, आणि एवढ्या वर्षांत देवमनच्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. अशा माणसाला न्यूझीलंडमध्ये वेगासाठी दंड झाला, ही गोष्ट गावाला काही केल्या पचत नव्हती.

"रस्ताच तसा होता," देवमन म्हणाले. नजर समोरच्या जीपगाड्यांवर होती, पण पाहत होते भलतंच काही. "एका बाजूनं निळं तळं. आभाळ कुठं सरलं आन पानी कुठं लागलं, समजतच नाही. दुसऱ्या बाजूनं निऱ्या मेंढ्याच मेंढ्या. रस्त्यावर एक गड्डा नाही, कोनी हात दाखवून थांबवत नाही. मले वाटलं, मी गाडी चालवूनच नाही राह्यलो. रस्ताच मले घेऊन चालला."

"आन पोलिस?"

"थो बी भला मानूस. टोपी काढून म्हने, आजोबा, जरा हळू."

"इंग्रजीत आजोबा म्हनला का थो?" सेवालालने डोळा मारला.

"तोंडावरून समजते रे."

हे वर्णन बाकाला पाठ झालं होतं. दर खेपेला तळं थोडं रुंद व्हायचं, मेंढ्याही वाढायच्या. पण देवमन इतक्या गोड तंद्रीत सांगायचे की ऐकणाऱ्यालाही गार वारा लागल्यासारखं वाटे. गावी आल्या आल्या लोकांनी फोटो दाखवा, फोटो दाखवा म्हणून त्यांचं डोकं खाल्लं होतं. मोबाइल त्या तळ्यातच पडला म्हटल्यावर बिचारे काय करणार? मग दंडाची गोष्ट निघाली आणि फोटो मागे पडले.

काळजी होती ती वेगळीच. गाडी संघदीपची, म्हणजे देवमनच्या मुलाची. दंड थकला तर तिकडे कायमचं राहण्याच्या त्याच्या कागदपत्रांना अडचण येईल, असं श्रेयांस सांगत होता. संघदीप हा गावातून एवढ्या लांब गेलेला पहिलाच मुलगा. विहारामागच्या अभ्यासिकेत पोरं त्याचं नाव घेऊन पुस्तक उघडत. त्या नावाला डाग लागण्यापेक्षा देवमनने स्वतःचा हात तोडून दिला असता.

"माहा साडू तिकडंच आहे," श्रेयांस म्हणाला. "दंडाची चिठ्ठी द्या, आजच भरून टाकतो."

"पँटीच्या खिशात होती. धुन्यात गेली."

"मंग गाडीचा नंबर सांगा."

"कोनाले आठवते?"

"संघदीपले इचारू. लावा फोन."

देवमनचा चेहरा उतरला. "त्याले नको. कामात रायते थो."

"बरं, नका लावू. पत्ता द्या. रविवारी साडूलेच त्याच्या घरी धाडतो."

"दे ना बाप्पा," सेवालाल म्हणाला. "काहून लपवून राह्यला? पोरगं काय खाऊन टाकते तुले?"

भरलेली गाडी घाटातून उतरवताना ज्याला घाम फुटला नाही, तो माणूस सावलीत बसून रुमालाने मान पुसू लागला. मित्रांना ते पाहवेना. श्रेयांसने मोबाइल काढून साडूचा नंबर शोधायला घेतला.

"कोनाले धाडू नका, श्रेयांसभाऊ. दंड भरला."

भाजीची पिशवी घेतलेल्या रुख्मिणीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या, देवमनच्या पत्नी, परदेशाबद्दल फारसं बोलत नसत. थंडी लय होती, एवढंच सांगायच्या.

"कोनं भरला, काकू?"

"संघदीपनं. मी म्हनलं, बाबाले रागावू नको. तं हासला. म्हने, आई, बाबानं सारी जिंदगी दुसऱ्याईच्या टायमावर गाडी चालवली. एक दिवस आपल्या मनानं चालवली, तं चालवू दे. दंड माह्याकडून."

सेवालालने सरळ डोळे पुसले, लाजला नाही. "पोरगा असावा तं असा," श्रेयांस म्हणाला. "आज अभ्यासिकेत सांगतोच पोराईले." त्याने मोबाइल खिशात टाकला आणि समोर ओरडून चार चहा सांगितले.

देवमनचा चेहरा उजळला होता. मुलाचं ते बोलणं बायकोने पुन्हा एकदा सांगावं, असं त्यांना फार वाटत होतं. चहा गार झाला तरी ते बायकोच्या तोंडाकडेच बघत राहिले.

घरी जाताना ऊन कलतीला लागलं होतं. तुरीच्या शेतातून हलका वारा येत होता. शाळेच्या वळणावर देवमन थांबले.

"फोन आलता त्याचा?" त्यांनी हळूच विचारलं. "खरंच आलता?"

रुख्मिणीबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही हो. मुंबईले विमानतळाच्या दाराबाहेर, थो धाडनार होता त्या तिकिटाची वाट पाहत उभे होतो आपन, तवा आलता थोच शेवटचा. 'येऊ नका' म्हनला."