मातीच्या घोड्याची पारख

लेओकादीबाईंनी मातीच्या घोड्याच्या पोटाखाली डोकं घातलं, नीट पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "ओनेझीम, इथं हात आखडता घेतलायस रे!"

पाद्रीबुवांना खोकला आला. याच जागेविषयी बोलावं कसं, या विवंचनेत ते सकाळपासून होते. फक्त त्यांची तक्रार नेमकी उलटी होती.

"बाई, जूनमधली चर्चची मिरवणूक चौकातूनच जाते," ते म्हणाले. "पांढऱ्या झग्यातल्या लहान मुली असतात हो. तेव्हा तिथं थोडं... म्हणजे शेपूट जरा वळवून..."

"शेपूट इतकं पुढं आणणार कुठून? आणि पोरी या पेर्श मुलखातल्या, घोड्यांच्या गावच्या आहेत, बुवा. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय."

बाई कण्हत सरळ झाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा गेल्यापासून चाळीस वर्षं घोड्यांचा व्यापार त्यांनी एकटीनं केला होता. पॅरिसच्या ट्रामगाड्या ओढणारी निम्मी करडी धुडं त्यांच्याच तबेल्यातून गेलेली. त्यांचा मुलगा ओनेझीमही घोड्यांतच होता, पण मातीच्या आणि काशाच्या. वर बसलेला सेनापती कोणी का असेना, खालचा घोडा ओनेझीमचा, असं पॅरिसमध्ये म्हणत. त्याला तीन पदकं मिळाली होती आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ती बरी पडत. एकावन्न वर्षांच्या या माणसाला खरं तर एकच हवं होतं. आपल्या एखाद्या घोड्याला आईनं खरा घोडा मानावं.

हा घोडा गावच्या चौकासाठी होता. पाठीवर सेनापती नाही, खोगीर नाही. आईच्याच कोठारात तो आठ महिने खपला होता. उद्या पॅरिसहून, काशात ओतण्यासाठी साचा घेणारे कारागीर यायचे होते. त्याआधी मेयर कॉर्बिनोंनी होकार द्यायचा होता. कॉर्बिनो तीन वर्षांपूर्वी इथले जावई झालेले, मूळचे पॅरिसचे वकील. घोडा त्यांनी आजवर बग्गीत बसून, म्हणजे मागूनच पाहिला होता. म्हणून त्यांनी बाईंना पारख करायला सांगितलं होतं.

बाईंनी घोड्याच्या पुढच्या पायावरून खांद्यापासून खुरापर्यंत हात फिरवला.

"डावा आत वळतो."

"नाही वळत, आई."

"वळतो. आणि पाठ बघ ही. सूपचं पातेलं ठेवलं तर हिंदकळणार नाही, एवढा खोलगा."

दारात टेकून उभे असलेले तीन घोडेवाले खो खो हसले. मेयरनी चष्मा काढून पुसला.

"कान गाढवाचे. खूर पसरट. मान बरी आहे, पण मानेनं कोणी गाडा ओढतं का?"

आता घोडेवाले हसायचे थांबले. एकानं तोंडातला पाइप काढून खिशात टाकला.

बाई तोंडाशी गेल्या. आणि हाताला सवय ती सवय, दात बघायला त्यांनी अंगठा सरळ जबड्याच्या कोपऱ्यात घातला. माती ओली होती. अंगठा पेरापर्यंत आत गेला. मेयर किंचाळले. बाईंनी अंगठा शांतपणे ओढून काढला आणि एप्रनला पुसला.

"तोंड उघडत नाही. वय लपवलंय."

ओनेझीमनं हातातली टोपी पार पिळून काढली होती आणि त्याची मान लालबुंद झाली होती. मेयरना त्याची दया आली. आपल्याच आईकडून, तेही चारचौघांत!

बाईंनी दोन्ही तळवे घोड्याच्या खांद्यावर ठेवले. पारखायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

"खांदाही काही खास नाही," त्या अखेर म्हणाल्या.

"बाई, स्पष्टच सांगा," मेयर म्हणाले. "गावानं हा घ्यावा का?"

"आणि बारा महिने चौकात उभा करावा? बाजाराच्या दिवशी सगळा पेर्श हसेल तुम्हाला."

मेयरनी सुस्कारा सोडला. "शिल्पकारसाहेब, माफ करा. हे काम आम्हाला घेता येणार नाही."

"सोडलात?" बाईंनी विचारलं.

"नाइलाज आहे."

"नक्की सोडलात ना? मागाहून कुरकुर चालणार नाही."

"नक्की, बाई, नक्की."

"बुवा, तुम्ही ऐकलंत. साक्षीला आहात."

बाई गर्रकन वळल्या. या वयात त्या इतक्या चटकन वळतील असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी उजव्या तळहातावर थुंकी टाकली, भर बाजारात सौदा ठरवताना टाकावी तशी, आणि तो हात मुलापुढं धरला.

"बोल. केवढ्याला देतोस?"

मेयरनी आ वासला. "पण आत्ता तर तुम्ही... ते गाढवाचे कान... तो खोलगा..."

"साहेब," दारातला एक घोडेवाला हळहळून म्हणाला, "जो घोडा घरी न्यायचाय, त्याला गिऱ्हाईक कधी चांगला म्हणतं का? काकूंनी तुम्हाला वाटेतून काढलं."

ओनेझीमनं हात पुढं केला. पण टाळी द्यायच्या आधी तो मेयरकडं वळला.

"तीस वर्षं," तो मेयरना म्हणाला. नाक पुसून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "तीस वर्षं, साहेब, ही माझ्या प्रत्येक घोड्याला छान म्हणत आली."