कुलपाचा आवाज

दर रविवारी कालव्याच्या भरावावरून रमतगमत सायकल चालवत हर्षल शनिशिंगणापूरच्या शिवारात यायचा आणि म्हाताऱ्या राहीबाईंच्या अंगणात चहाला टेकायचा. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या घरालाही दार नव्हतं, नुसती चौकट. त्या चुलीकडं वळल्या, की हर्षल आपली गिअरची महागडी सायकल कुलूप लावून हळूच लिंबाला बांधायचा. खट्ट आवाज होऊ नये म्हणून वरून तळहात दाबून धरायचा. चहा पिताना मात्र दरवेळी त्याच्या मनात यायचं, ज्या घरात ही बाई दाराशिवाय निर्धास्त झोपते, तिथं आपण हे काय करतोय!

शेवटी या रविवारी मनाचा हिय्या करून त्यानं कुलूप घरीच ठेवलं.

राहीबाई चौकटीत बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं, मांडीवर झबल्या-टोपड्याची पिशवी.

"लेकीकडं बारसं ना आज? अजून निघाला नाहीत?"

"न्हाई जात. घर उघडं टाकून कसं जायाचं?"

"अहो, आजवर जातच होतात की! तुमच्या गावात कुठं चोरी होते?"

राहीबाईंनी लिंबाच्या खोडाकडं बघितलं.



"आमीबी तसंच समजत हुतो, दादा. पन तुमी गावोगाव हिंडनारी मानसं. माझ्याच अंगनात बसून सायकल बांधता, म्हंजी तुमाला कायतरी ठावं असनारच."