लाल गाडीची तार

सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन विश्वास गोकर्ण पुन्हा टेबलाशी बसले आणि पुन्हा उठले. रिमोटवर चालणाऱ्या त्यांच्या जुन्या लाल गाडीच्या मोटरची तार तुटली होती. काम चुटकीसरशी होणारं, पण अलीकडे त्यांचा उजवा हात सारखा थरथरायचा. सकाळपासून टेबल ते खिडकी अशा येरझाऱ्या चालल्या होत्या.

कॉलेजात असताना मामांनी दुबईहून आणलेली ही पहिली गाडी. तिला त्यांनी मोठी चाकं बसवली, बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या. सांगलीच्या मैदानावर ती धुरळा उडवत सुटली, की पोरांचं क्रिकेट थांबायचं. तिच्यापायी पुढे कपाटभर गाड्या जमल्या.

"देऊन टाकू सगळ्या," ते एकदम म्हणाले. "नुसतं बघत बसणं मला जमत नाही."

बायको दारात उभी होती. सोल्डरच्या धुराला वैतागून नलिनीताई एरवी त्या खोलीत पाऊल टाकत नसत. आज त्या चष्मा लावून सरळ टेबलाशी येऊन बसल्या.

"कुठे टेकवायचं ते सांगा."

"भाजेल तुला."

"रोज तव्यावर भाजतंच की. सांगा तुम्ही."

जोड ओबडधोबड झाला, बोटाला चटकाही बसला, पण गाडी फरशीवर गरकन फिरली. विश्वासरावांनी रिमोटसाठी हात पुढे केला. नलिनीताईंनी तो दिला नाही. गाडी सोफ्याखालून पलीकडे काढत त्यांनी विचारलं, "त्या निळ्या जीपचं काय बिघडलंय?"