परातीतलं तोंड

आमच्या थोरल्याला लाजच उरली नाही. बापाच्या पंच्याहत्तरीला आला नाही. पाय धुवायचा मान त्याचा, पण परातीपुढं धाकटी लेक बसली.

आज त्यानं भावकीच्या ग्रुपवर पाय धुतानाचा फोटो टाकला. लेकीला फोटोतनं पुसून तिथं स्वतःला बसवलेलं! मी चिंचेनं घासलेल्या पितळी परातीतसुद्धा त्याचंच तोंड चकाकत होतं.

ह्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग हळूच म्हणाले, "तो आला होता? मला कसं आठवत नाही गं? डोकं गेलं का माझं?"

मी थोरल्याला फोन लावला. "सोंगाड्या, कॉम्प्युटरवर परातीत तोंड उमटवायला वेळ मिळाला, बापाचे पाय धुवायला नाही? फोन ह्यांच्या कानाला लावते. आता तूच सांग, मी आलोच नव्हतो म्हणून."