नव्या दुर्बिणीचा पहिला तारा

“बाबा, यातली स्वाती कुठली?” नव्या दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवून जावयाने विचारलं.

फोरमनने वर पाहिलं. स्वाती उंचावर होती, तांबूस आणि ठसठशीत. तिच्या बरीच खाली पांढरीशुभ्र चित्रा. नुकतंच अंधारलं होतं. लेक लॅपटॉप आणायला खाली गेली होती, आणि गच्चीवर सासरा-जावयाशिवाय कुणी नव्हतं.

“ती काय,” फोरमन म्हणाला आणि त्याने चित्रेकडे बोट दाखवलं.

जावयाने भाबडेपणाने नळी तिकडे वळवली. तारा बरोबर मधोमध आणला आणि मोबाईलवर ‘स्वाती’ निवडून बटण दाबलं. या यंत्राची रीतच अशी होती. आपण त्याला एक तारा ओळखून द्यायचा. मग बाकीचं आकाश ते आपलं आपण शोधतं, मोटरवर वळतं आणि कॅमेऱ्याने फोटो काढतं. पहिलाच तारा खोटा सांगितला, तर पुढचं सगळंच खोटं.

ही दुर्बीण येणार म्हटल्यापासून फोरमनच्या पोटात दुखत होतं. कारखान्यातून दमून आल्यावर त्याने रोज संध्याकाळी काच घासून स्वतःच्या दुर्बिणीचा आरसा घडवला होता. समोर फ्रॉकमधली लेक काचेवर पाणी सोडायला बसायची. तारा न् तारा त्याने तिला शिकवला. लग्नानंतरही ती फोन करायची, “बाबा, आज काय बघायचं?” हल्ली तिची वाक्यं ‘आम्ही दोघं’पासून सुरू व्हायची. आणि ‘आम्ही’तला दुसरा कोण, तर ज्याला परवापर्यंत सप्तर्षी आणि पतंग यांतला फरक कळत नव्हता तो हा बँकेतला माणूस! आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा! जावई वाईट असता तर सोयीचं झालं असतं. तो चांगला होता, म्हणून जास्तच खुपत होता.

लेक आली. लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली बसली. पहिला फोटो एका तारकागुच्छाचा काढायचं ठरलं होतं. मोटर गुरगुरली, नळी वळली. पडद्यावर काळोख आला. दुसरा फोटो, तोही काळोख. जावयाने वायरी काढून पुन्हा लावल्या, माहितीपुस्तक उलटंसुलटं वाचलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

“नव्याचे नऊ दिवस म्हणतात,” फोरमन म्हणाला. “इथे तर नऊ मिनिटंही गेली नाहीत!”

त्याने कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या दुर्बिणीवरचं कापड काढलं, नळी हाताने सरकवली आणि क्षणात हाक मारली, “ये गं, बघ.”

लेक धावत आली. डोळा लावताच हसली. “सापडला! मूठभर साखर सांडल्यासारखा!” फोरमनला वाटलं, झालं, आता हिला जन्मभर दुसरी दुर्बीण नको. तो सुखावला. कोपऱ्यात खाली मान घालून उभ्या असलेल्या जावयाकडे बघून तर जास्तच सुखावला.

लेकीने सहज मागे वळून नव्या दुर्बिणीकडे पाहिलं. “अरे, हिचं तोंड तर भलतीकडेच आहे. पहिला तारा कुठला दिलास?”

“स्वाती. बाबांनी दाखवली ना, ती काय.”

त्याच्या बोटाकडे बघून ती थांबली. “ती चित्रा आहे, पांढरी. स्वाती तांबूस असते.”

मग जावयाने तिला बाजूला नेलं. तो हळू बोलत होता, पण गच्ची लहान होती. “बाबांना नीट दिसत नाहीये गं. रंगही कळला नाही त्यांना. त्यांच्यापुढे काही बोलू नकोस, वाईट वाटेल.”

डोळे गेले म्हणायचं, की मन काळं म्हणायचं? दोनच वाटा होत्या. त्याने डोळ्यांवर खापर फोडलं.

“वय झालं, पोरांनो,” तो म्हणाला. “हल्ली सगळं धूसरच दिसतं.”

“उद्याच डॉक्टरांकडे जाऊ,” जावई लगेच म्हणाला. “मी सुट्टी टाकतो.” त्याने खुर्ची आणली, फोरमनला दंडाला धरून बसवलं. लेक शेजारी टेकली. तिने वडिलांचा हात हातात घेतला, कितीतरी दिवसांनी. फोरमनला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. हात सुटू नये म्हणून तो डोळे किलकिले करून बसला.

“मी सांगते तुम्हाला, बाबा,” ती म्हणाली. “वर सप्तर्षी. त्यांच्या शेपटीच्या कमानीने खाली आलं की स्वाती. आणखी खाली चित्रा. आणि तिच्या उजवीकडे ते पुनर्वसू.”

“पुनर्वसू?” फोरमन ताडकन सरळ झाला. “काहीतरीच काय! पुनर्वसूचे तारे दोन, हे ढळढळीत चार आहेत! हस्त आहे तो. आणि तो खालच्या कोपऱ्याला खेटलेला बारीक तारा धरलास तर पाच. बघ की नीट!”

लेकीने हात सोडला. ती वर बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

जावयाचा चेहरा मात्र उजळला. “अहो, तो पाचवा तर मलाही दिसत नाही! डोळे ठणठणीत आहेत की तुमचे, बाबा! घाबरवलंत मला. मग स्वाती दाखवताना कसं काय चुकलं?”

उत्तर लेकीनेच दिलं.

“तेव्हा त्यांना फक्त तू दिसत होतास.”